हेर-आज्ञावली व घरगुती संगणकाचे संरक्षण

हेर-आज्ञावली : संगणकाच्या मालकाच्या नकळत, किंवा त्याची फसवी संमती मिळवून, संगणकात शिरणाऱ्या आणि त्यातील माहिती गोळा करून ती त्रयस्थाकडे पाठविणाऱ्या आज्ञावलीस हेर-आज्ञावली किंवा स्पायवेअर म्हणतात. संगणकाच्या पडद्यावर न मागितलेल्या जाहिराती दाखविणाऱ्या, किंवा वापरणाऱ्यास त्याच्या इच्छेविरुद्ध विशिष्ट संकेतस्थळाकडे वळविणाऱ्या आज्ञावलीस जाहिरात-आज्ञावली किंवा ॲडवेअर ही संज्ञा आहे. या दोन प्रकारांतील सीमारेषा पुसट आहे. जाहिरात कोणास दाखवावी हे ठरविण्यासाठी त्या व्यक्तीच्या सवयी ठाऊक असाव्या लागतात, आणि त्या जाणण्यासाठी पाळत ठेवावी लागते. त्यामुळे जाहिरातीचा धंदा करणारी आज्ञावली बहुधा थोडीफार हेरगिरीही करीत असते.

संगणकीय विषाणू व हेर-आज्ञावली यांत मूलभूत फरक आहे. विषाणूचे लक्षण स्वतःच्या प्रती तयार करून पसरणे हे होय; अनेकदा तो फाईली नष्ट करून आपले अस्तित्व स्वतःच जाहीर करतो. हेर-आज्ञावलीस पसरण्याची विशेष निकड नसते. संगणक बिघडला, तर तिचा उद्देशच फसतो. तो सुरळीत चालू राहावा, मालकाने त्यावर बँकेचे व्यवहार करावेत, पत्रे लिहावीत, यातच तिचा लाभ असतो. ‘संगणक तर नीट चालतो आहे’ ही समजूत म्हणूनच फारशी भरवशाची नाही.

ऐतिहासिक आढावा : वैयक्तिक संगणकांमध्ये सर्वत्र पसरलेला पहिला विषाणू ‘ब्रेन’ हा १९८६ मध्ये लाहोर येथील दोन भावांनी तयार केला. आपल्या आज्ञावलीच्या चोरट्या प्रती निघू नयेत, हा त्यामागील हेतू असल्याचे त्यांनी सांगितले. त्यानंतरच्या दशकात लवचिक चकत्यांमधून अनेक विषाणू भारतात आले. पुण्यात कॅल्क्युलेटर व संगणक दुरुस्तीचा व्यवसाय करणारे, मूळचे सातारा जिल्ह्यातील कैलास काटकर व त्यांचे बंधू संजय काटकर यांनी कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस ही संस्था चालविताना ‘क्विक हील’ ही विषाणुरोधक आज्ञावली १९९५ मध्ये बाजारात आणली. दुरुस्तीसाठी येणाऱ्या यंत्रांत तेच ते विषाणू पुनःपुन्हा सापडत. त्या अनुभवातून हे उत्पादन जन्मास आले. संस्थेचे नाव २००७ मध्ये क्विक हील टेक्नॉलॉजीज असे झाले आणि २०१६ मध्ये तिच्या समभागांची शेअर बाजारात नोंदणी झाली. महाराष्ट्रातील अनेक घरांत संगणकाच्या संरक्षणाची पहिली ओळख याच आज्ञावलीच्या खोक्याने करून दिली, असे म्हणण्यास हरकत नाही.

‘स्पायवेअर’ हा शब्द १९९५ मध्ये प्रथम आढळतो. आजच्या अर्थाने तो रूढ झाला २००० च्या सुमारास. त्या वर्षी अमेरिकेतील स्टीव्ह गिब्सन यांना आपल्याच संगणकात जाहिरातींसाठी माहिती बाहेर पाठविणारी आज्ञावली आढळली, व ती काढून टाकण्यासाठी त्यांनी ‘ऑप्टआउट’ हे साधन तयार केले. पाठोपाठ पॅट्रिक कोला यांचे ‘स्पायबॉट’ व लाव्हासॉफ्ट या संस्थेचे ‘ॲड-अवेअर’ ही निःशुल्क साधने जगभर वापरली जाऊ लागली. याच सुमारास गेटर या कंपनीने अर्ज आपोआप भरून देणारी सोयीची आज्ञावली मोफत वाटली. ती संगणकात गेली म्हणजे वृत्तपत्रांच्या संकेतस्थळांवर मूळ जाहिरातींच्या वर स्वतःच्या जाहिराती उघडत असे. अमेरिकेतील मोठ्या वृत्तपत्रांनी २००२ मध्ये तिच्याविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. पुढे क्लॅरिया असे नाव घेतलेल्या या कंपनीने २००६ मध्ये हा व्यवसाय सोडला.

विंडोज या परिचालन प्रणालीच्या त्या काळातील रचनेमुळे हा उपद्रव फोफावला. इंटरनेट एक्स्प्लोररमध्ये ‘ॲक्टिव्हएक्स’ या तंत्राने एखादे संकेतस्थळ वापरणाऱ्याच्या एका होकारावर संपूर्ण आज्ञावली संगणकात बसवू शके. आणि बहुतेक घरगुती संगणक सर्वाधिकार असलेल्या प्रशासकीय खात्यातूनच वापरले जात असल्याने तिला कोणताही अडसर उरत नसे. ऑगस्ट २००४ मधील विंडोज एक्सपीच्या दुसऱ्या सुधारणा-संचात अग्निभिंत म्हणजे फायरवॉल मूळातच चालू ठेवण्यात आली व आपोआप उघडणाऱ्या जाहिरातींच्या खिडक्या रोखण्याची सोय झाली. मायक्रोसॉफ्टने डिसेंबर २००४ मध्ये जायंट ही कंपनी विकत घेतली. तिच्या साधनातून ‘विंडोज डिफेंडर’ निर्माण झाले. २०१२ च्या विंडोज ८ पासून ते पूर्ण विषाणुरोधक म्हणून परिचालन प्रणालीचाच भाग झाले.

प्रतिष्ठित संस्थांपासूनही धोका संभवतो, हे दोन प्रकरणांनी दाखवून दिले. सोनी बीएमजी या संगीत कंपनीच्या काही ध्वनिचकत्या संगणकात घातल्या की, प्रती काढण्यास प्रतिबंध करणारी एक आज्ञावली बसे व ती परिचालन प्रणालीपासून स्वतःस लपवून घेई. संगणकतज्ज्ञ मार्क रुसिनोविच यांनी ३१ ऑक्टोबर २००५ रोजी हे उघडकीस आणले. त्या आडोशाचा लाभ लवकरच इतर घातक आज्ञावलींनीही घेतला आणि कंपनीस चकत्या परत मागवाव्या लागल्या. दुसरे प्रकरण फेब्रुवारी २०१५ मधील. लेनोवो कंपनीच्या काही लॅपटॉपांत कारखान्यातूनच ‘सुपरफिश’ ही जाहिरात-आज्ञावली घालण्यात आली होती. सुरक्षित संकेतस्थळांवरही जाहिराती घुसविता याव्यात म्हणून तिने संगणकात स्वतःचे बनावट मूळ प्रमाणपत्र ठेवले होते. त्याची गुप्त किल्ली सर्व संगणकांत एकच होती व ती संशोधकांना काही वेळातच शोधून काढता आली. म्हणजे जाहिराती दाखविण्याच्या खटाटोपात बँकेच्या संकेतस्थळाची ओळख पटविणारी यंत्रणाच मोडली गेली. ग्राहकाने दुकानातून आणलेल्या कोऱ्या संगणकात हे घडले होते.

महाराष्ट्रातील परिस्थिती : विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी मुंबईसह काही महानगरांत आंतरजालाची सार्वजनिक सेवा सुरू केली. दूरध्वनीच्या तारेवरून मिनिटांच्या हिशोबाने मिळणारी ती सेवा घरात क्वचितच असे. सर्वसामान्यांचा आंतरजालाशी परिचय सायबर कॅफेत झाला. महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एमएस-सीआयटी या अभ्यासक्रमामुळे २००१ नंतर तालुक्याच्या गावीही संगणक-साक्षरता पोहोचली. जानेवारी २००५ मध्ये भारत संचार निगमची ब्रॉडबँड सेवा सुरू झाल्यावर संगणक सतत आंतरजालाशी जोडलेला राहू लागला, आणि हेर-आज्ञावलीस हवी असलेली परिस्थिती घराघरांत तयार झाली.

छत्रपती संभाजीनगर (२०२३ पर्यंत औरंगाबाद) हे यातील प्रातिनिधिक शहर म्हणता येईल. वाळूज व चिकलठाणा येथील कारखान्यांमुळे येथे संगणक लवकर आले. इलेक्ट्रॉनिकी व माहिती तंत्रज्ञानाचे शिक्षण देणाऱ्या केंद्रीय संस्थेचे केंद्र डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या परिसरात आहे. तथापि संगणक शिकलेल्यांचे शहर म्हणजे सुरक्षित संगणकांचे शहर नव्हे. एकाच संगणकावर मुलांचे खेळ, मोठ्यांचे बँक-व्यवहार, विवरणपत्रे व नातेवाइकांची छायाचित्रे असणे, सर्वांसाठी एकच खाते असणे व त्या खात्यास पासवर्ड नसणे, हे येथील मध्यमवर्गीय घरांतले नेहमीचे चित्र होते. आजही ते पूर्णपणे पालटलेले नाही.

प्रवेशमार्ग : हेर-आज्ञावलीस बहुधा घरातील माणूसच आत घेतो. मोफत आज्ञावलीबरोबर ती जोडून दिलेली असते. संस्थापनाच्या वेळी दिसणाऱ्या लांबलचक करारात तिचा उल्लेख असतो, आणि खूण आधीच केलेली असते. करार न वाचता ‘पुढे’ हे बटण दाबणाऱ्याने कायदेशीर दृष्ट्या संमती दिलेली असते, असा दावा अशा आज्ञावलींचे निर्माते करतात. विषाणुरोधक साधनांचे निर्मातेही याच कारणाने त्यांना ‘घातक’ न म्हणता ‘बहुधा नको असलेल्या’ असे मोघम नाव देतात.

मराठी वापरणाऱ्यांच्या बाबतीत एक मार्ग विशेष उल्लेखनीय आहे. युनिकोड सर्वत्र रुळण्यापूर्वी मराठीत टंकलेखन करण्यासाठी वेगळी, विकतची अक्षर-आज्ञावली लागे, व तिच्याबरोबर संगणकास जोडण्याची एक कुलूपवजा खुंटी मिळे. लग्नपत्रिका, फलक व प्रश्नपत्रिका तयार करणाऱ्या लहान दुकानांत आणि घरांत त्यांच्या चोरट्या प्रती सर्रास वापरल्या गेल्या. असे कुलूप तोडणारी ‘क्रॅक’ नावाची छोटी फाईल चालविण्यापूर्वी विषाणुरोधक बंद करावा, अशी सूचना तिच्याबरोबर हमखास असते. पहारेकऱ्यास सुट्टी देऊन अनोळखी माणसास घरात घेण्याचाच हा प्रकार होय. चोरटी परिचालन प्रणाली, चोरटे छायाचित्र-संपादन आणि चोरटे खेळ यांनाही हेच लागू पडते. आज यूनिकोड मराठी व तिचे कळफलक विंडोजमध्येच विनामूल्य असल्याने निदान टंकलेखनासाठी तरी हा धोका पत्करण्याचे कारण उरलेले नाही.

पेन ड्राइव्ह हा दुसरा मार्ग. छायाचित्रांच्या दुकानातून किंवा छापखान्यातून आलेल्या पेन ड्राइव्हमध्ये मूळ फोल्डर लपवून त्याच नावाचा फसवा ‘शॉर्टकट’ ठेवणाऱ्या आज्ञावलींनी अनेक वर्षे उच्छाद मांडला. पेन ड्राइव्ह जोडताच त्यातील आज्ञावली आपोआप चालू होण्याची सोय मायक्रोसॉफ्टने विंडोज ७ मध्ये काढली, व २०११ मध्ये जुन्या आवृत्त्यांतूनही बंद केली. तेव्हापासून हा उपद्रव बराच घटला.

अलीकडे मुख्य प्रवेशद्वार ब्राउझर हे झाले आहे. ब्राउझरला जोडले जाणारे एक्स्टेन्शन आपल्या प्रत्येक पृष्ठावरील मजकूर वाचू शकते. चांगल्या एक्स्टेन्शनची मालकी विकली जाऊन पुढच्या आवृत्तीत ते हेर बनल्याची उदाहरणे आहेत. शोधयंत्रात एखाद्या आज्ञावलीचे नाव टाकल्यावर सर्वांत वर येणारा दुवा पुष्कळदा जाहिरात असतो, आणि ती जाहिरात खोट्या संकेतस्थळाची असू शकते. ‘तुमच्या संगणकात विषाणू आहे, या क्रमांकावर दूरध्वनी करा’ असा भोंगा वाजविणारे पृष्ठ हे तर निव्वळ चित्र असते; संगणक तपासण्याची कोणतीही क्षमता त्याच्यात नसते.

मोबाईल हाही आता घरातील संगणकच आहे, व मराठवाड्यातील अलीकडचे एक प्रकरण त्याच्यासंबंधीचेच आहे. हिंगोली येथील एका शासकीय कर्मचाऱ्यास ऑगस्ट २०२५ मध्ये व्हॉट्सॲपवर लग्नाचे निमंत्रण आले. पत्रिकेसारखी दिसणारी ती फाईल प्रत्यक्षात अँड्रॉइड मोबाईलमध्ये बसणारी आज्ञावली होती. ती उघडल्यावर मोबाईलमधील माहिती चोरांच्या हाती गेली व त्या व्यक्तीच्या बँक खात्यातून सुमारे १ लाख ९० हजार रुपये काढले गेले. पत्रिका ही चित्राच्या किंवा पीडीएफच्या स्वरूपात येते. ‘एपीके’ या अक्षरांनी संपणारी फाईल म्हणजे आज्ञावली. एवढा भेद ठाऊक असता, तर हा घात टळला असता. पण आमंत्रण उघडून पाहणे हा सौजन्याचा भाग मानणाऱ्या समाजात चोरांनी नेमके तेच सोंग निवडले, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

कार्यपद्धती : संगणकात शिरलेली हेर-आज्ञावली प्रथम आपले बस्तान बसविते. संगणक सुरू होताना आपोआप चालणाऱ्या आज्ञावलींच्या यादीत, नियोजित कामांच्या वेळापत्रकात किंवा सेवांमध्ये ती आपली नोंद करते. काही वेळा तिचे दोन भाग एकमेकांवर लक्ष ठेवतात. एक पुसला, की दुसरा त्यास पुन्हा आणतो. कळफलकावर दाबलेली प्रत्येक कळ टिपणारी, ठरावीक वेळाने पडद्याचे छायाचित्र घेणारी, कॅमेरा व ध्वनिग्राहक चालू करणारी, असे तिचे प्रकार आहेत. दूरस्थ नियंत्रण देणारी आज्ञावली बसल्यास बाहेरील व्यक्ती त्या संगणकासमोर बसल्याप्रमाणे फाईली पाहू, पुसू व ठेवूही शकते.

सध्या सर्वाधिक नुकसान माहिती-चोर आज्ञावलींमुळे होते. त्या दीर्घकाळ दडून बसत नाहीत. ब्राउझरमध्ये साठविलेले पासवर्ड व ‘कुकी’ उचलून अल्पावधीत पसार होतात. कुकी म्हणजे संकेतस्थळाने आपल्या ब्राउझरमध्ये ठेवलेली छोटी नोंद. नेटस्केप कंपनीतील लू मोंटुली यांनी १९९४ मध्ये ती योजना आखली. संकेतस्थळात एकदा प्रवेश केल्यावर पुनःपुन्हा पासवर्ड विचारला जाऊ नये, यासाठी तिचा उपयोग होतो. हीच कुकी चोराच्या हाती गेली, तर त्यास पासवर्डची गरजच राहत नाही आणि मोबाईलवर येणाऱ्या एकवेळ क्रमांकाचा अडथळाही बऱ्याचदा टळतो.

संकेतस्थळाच्या नावाचे अंकीय पत्त्यात रूपांतर करणाऱ्या सेवेत फेरफार करणे, ही आणखी एक युक्ती. ‘डीएनएस चेंजर’ या आज्ञावलीने जगभरातील लाखो संगणकांची ही मांडणी बदलून त्यांना आपल्या जाहिरातींकडे वळविले होते. नोव्हेंबर २०११ मध्ये ही टोळी पकडली गेली. परंतु तिचे सर्व्हर एकदम बंद केले असते, तर बाधित संगणकांचे आंतरजालच खंडित झाले असते. म्हणून न्यायालयाच्या आदेशाने पर्यायी सर्व्हर ९ जुलै २०१२ पर्यंत चालू ठेवावे लागले.

जाहिरात-संस्थांच्या कुकींमुळे एका दुकानात पाहिलेल्या पंख्याची जाहिरात दुसऱ्याच वृत्तपत्राच्या पृष्ठावर दिसते. यास अनेक जण हेर-आज्ञावली समजतात. काटेकोरपणे पाहता ती संगणकात बसलेली आज्ञावली नव्हे. ब्राउझरची मांडणी बदलून किंवा कुकी पुसून तिचा बंदोबस्त करता येतो. पडद्याच्या कोपऱ्यात येणाऱ्या ‘विषाणू सापडला’ अशा खोट्या सूचनाही पुष्कळदा निराळ्याच असतात. एखाद्या संकेतस्थळाने सूचना दाखविण्याची परवानगी मागितली व ती अनवधानाने दिली गेली, एवढेच घडलेले असते. ब्राउझरच्या मांडणीत जाऊन ती परवानगी काढून घेतली की उपद्रव थांबतो. त्यासाठी दुरुस्तीच्या दुकानात पैसे मोजून संपूर्ण संगणक पुसून आणणारे लोक कमी नाहीत.

संरक्षण : शहराच्या वायव्येस असलेल्या देवगिरीच्या किल्ल्याची रचना संगणक-सुरक्षेच्या तत्त्वांशी जुळणारी आहे. एकामागून एक तट, तासलेला कडा, खंदक व त्यापलीकडील अंधारी वाट, अशी त्याची संरक्षणयोजना होय. एक फळी पडली, तरी दुसरी उभी राहावी हा हेतू. तरीही १२९६ मध्ये अलाउद्दीन खल्जीच्या वेढ्यात रामदेवरायास तह करावा लागला. फिरिश्ता या इतिहासकाराच्या वृत्तांतानुसार, घाईने किल्ल्यात घेतलेली धान्याची पोती उघडली तेव्हा त्यांत मीठ निघाले. तटबंदी अभेद्य असूनही न तपासता आत घेतलेल्या मालाने घात केला. घरगुती संगणकाच्या बाबतीत बहुधा असेच घडते.

सर्वांत परिणामकारक उपाय फुकटचा व साधा आहे : रोजच्या कामासाठी प्रशासकीय अधिकार नसलेले वेगळे खाते वापरणे आणि घरातील प्रत्येकास स्वतंत्र खाते देणे. असे केल्यास मुलाने उतरविलेला खेळ संपूर्ण संगणकात मुरू शकत नाही. नवी आज्ञावली बसताना प्रशासकाचा पासवर्ड विचारला जातो व तेथे विचार करण्यास एक क्षण मिळतो. परिचालन प्रणाली व ब्राउझर यांच्या सुधारणा वेळच्या वेळी घेणे हा दुसरा उपाय. विंडोज १० च्या नियमित सुरक्षा-सुधारणा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या; विस्तारित सुधारणांची मुदतबंद सोय न घेता ती तशीच वापरीत राहिल्यास उघड झालेल्या पळवाटा कायमच्या उघड्या राहतात. नव्या आवृत्तीस न पेलणारा जुना संगणक लिनक्ससारख्या विनामूल्य प्रणालीवर नेणे, हा मार्ग सुशिक्षित कुटुंबांना अवघड वाटू नये.

विषाणुरोधक आज्ञावली एकच असावी. दोन एकाच वेळी चालविल्यास त्या परस्परांच्या कामात अडथळा आणतात. विंडोजमधील अंगभूत डिफेंडर सर्वसाधारण घरास पुरेसा आहे, मात्र तो बंद पडलेला नाही याची अधूनमधून खात्री करावी. केंद्र शासनाने २१ फेब्रुवारी २०१७ रोजी सायबर स्वच्छता केंद्र सुरू केले. बाधित संगणक साफ करण्याची निःशुल्क साधने तेथे मिळतात. जाहिराती रोखणारे एक्स्टेन्शन ही केवळ सोय नसून संरक्षणाचेही साधन आहे, कारण फसव्या जाहिरातींचा मोठा मार्ग त्याने बंद होतो. येथे एक अडचण मान्य केली पाहिजे : वृत्तपत्रांची संकेतस्थळे जाहिरातींवरच चालतात, व सरसकट सर्व जाहिराती रोखणारा वाचक मराठी वृत्तपत्राचेही उत्पन्न रोखतो. विश्वासाच्या संकेतस्थळास सूट देण्याची सोय अशा साधनांत असते.

बँकेचा पासवर्ड ब्राउझरमध्ये साठवू नये. एक्स्टेन्शनची यादी काही महिन्यांनी तपासून न लागणारी काढून टाकावीत. महत्त्वाची कागदपत्रे व छायाचित्रे यांची प्रत संगणकापासून एरवी तोडून ठेवलेल्या हार्ड डिस्कवर असावी. आंतरजालाची जोडणी देणाऱ्या राउटरचा कारखान्यातून आलेला पासवर्ड बदलावा. जोडणी करून देणारा कारागीर तो सहसा तसाच ठेवून जातो.

लक्षणे व निर्मूलन : ब्राउझरचे आरंभपृष्ठ किंवा शोधयंत्र आपोआप बदलणे, ओळखीच्या पृष्ठांवर अनोळखी जाहिराती दिसणे, विषाणुरोधक बंद झालेला आढळणे, काम नसताना पंखा जोरात फिरणे, ही काही लक्षणे होत, यांपैकी एकही न दिसता बाधा असू शकते. संशय आल्यास प्रथम आंतरजालाची जोडणी तोडावी. ई-पत्र व बँक यांचे पासवर्ड त्याच संगणकावरून न बदलता दुसऱ्या स्वच्छ यंत्रावरून बदलावेत, आणि सर्व ठिकाणचा प्रवेश रद्द करण्याची सोय वापरावी; अन्यथा चोरलेली कुकी पासवर्ड बदलल्यानंतरही काम देऊ शकते. त्यानंतर परिचालन प्रणाली सुरू होण्यापूर्वी तपासणी करणारी डिफेंडरची सोय चालवावी, कारण चालू प्रणालीत हेर-आज्ञावली स्वतःस लपवू शकते. जाहिरात-आज्ञावली बहुधा एवढ्याने निघते. दूरस्थ नियंत्रणाची किंवा माहिती-चोर आज्ञावली आढळल्यास मात्र परिचालन प्रणाली नव्याने बसविणे, हाच खात्रीचा उपाय मानला जातो.

कायदा : माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या ४३ व्या कलमानुसार मालकाच्या परवानगीवाचून संगणकात प्रवेश करणे, त्यातील माहिती काढून घेणे किंवा त्यात दूषित आज्ञावली सोडणे, यांबद्दल नुकसानभरपाई द्यावी लागते. हेच कृत्य अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केल्यास ६६ व्या कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कारावास, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. पतीने पत्नीच्या किंवा भावाने बहिणीच्या यंत्रात तिच्या नकळत पाळत-आज्ञावली बसविणे, यास नात्याच्या कारणाने सूट नाही. कुटुंबात हा प्रकार ‘काळजी’ या नावाखाली चालतो व तक्रारीपर्यंत क्वचितच पोहोचतो. सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी न्या. के. एस. पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला.

पैसे गेल्यास १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर त्वरित कळवावे. रक्कम दुसऱ्या खात्यांतून पुढे सरकण्यापूर्वी ती गोठविण्याची संधी पहिल्या काही तासांतच असते. छत्रपती संभाजीनगर येथे पोलीस आयुक्तालयाचे सायबर पोलीस ठाणे आहे. रिझर्व्ह बँकेने २०१७ च्या परिपत्रकांद्वारे असे ठरवून दिले की, बँक व ग्राहक या दोघांचाही दोष नसताना त्रयस्थाने फसवणूक केली असेल आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेस कळविले असेल, तर त्याच्यावर तोट्याची जबाबदारी येत नाही. सहकारी बँकांनाही त्याच वर्षी तसे निर्देश देण्यात आले. ग्राहकाने पासवर्ड स्वतः सांगितला असेल, तर बँकेस कळवेपर्यंतचा तोटा त्यासच सोसावा लागतो, असेही त्यांत नमूद होते. हेर-आज्ञावलीने पासवर्ड चोरला की ग्राहकाने तो दिला, हे मग वादाचे मूळ ठरते व त्याचा निवाडा संगणकातील पुराव्यावर अवलंबून राहतो.

संगणकीय पुराव्याचा प्रश्न महाराष्ट्रात एका अत्यंत गंभीर खटल्यात उपस्थित झाला. पुण्यात ३१ डिसेंबर २०१७ रोजी झालेल्या एल्गार परिषदेच्या प्रकरणात आरोपींच्या संगणकांतील पत्रे हा तपासयंत्रणेच्या पुराव्याचा महत्त्वाचा भाग होता. बचाव पक्षाच्या वतीने अमेरिकेतील आर्सेनल कन्सल्टिंग या संस्थेने एका आरोपीच्या लॅपटॉपच्या प्रतीची तपासणी केली. जून २०१६ मध्ये ई-पत्रातून ‘नेटवायर’ ही दूरस्थ नियंत्रणाची आज्ञावली त्यात शिरली व तिच्याद्वारे ती पत्रे लॅपटॉपमध्ये ठेवली गेली, असा निष्कर्ष या संस्थेने फेब्रुवारी २०२१ मध्ये मांडला. राष्ट्रीय तपास संस्थेने तो अमान्य केला. नेटवायर ही कोणासही थोड्या पैशांत विकत मिणारी आज्ञावली होती. मार्च २०२३ मध्ये अनेक देशांच्या पोलिसांनी मिळून तिच्या विक्रीचे संकेतस्थळ बंद पाडले. याहून प्रगत असलेल्या ‘पेगासस’ या इझ्राएली हेर-आज्ञावलीसंबंधी सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये समिती नेमली. समितीने तपासलेल्या २९ मोबाईलांपैकी पाचांत कोणती तरी घातक आज्ञावली आढळली, परंतु ती पेगाससच असल्याचा निर्णायक पुरावा मिळाला नाही, असे ऑगस्ट २०२२ मध्ये न्यायालयात सांगण्यात आले.

या कारणाने, मोठे नुकसान झालेल्या घरगुती संगणकाच्या बाबतीत वर सांगितलेले निर्मूलन व पोलीस तपास यांच्या गरजा परस्परविरोधी ठरतात. संगणक पुसून परिचालन प्रणाली नव्याने बसविली, की हेर-आज्ञावलीबरोबर तिच्या पाऊलखुणाही जातात. अशा वेळी जुनी हार्ड डिस्क काढून तशीच जपून ठेवावी, संगणकात नवी बसवून काम चालू करावे, आणि जुनी डिस्क कोणत्याही दुकानात न उघडता तक्रारीबरोबर पोलिसांच्या हवाली करून तिची लेखी पोच घ्यावी.